पात्र कोण?



आजचं वाचन: गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२. भगवंतांनी इथे दानाचे तीन प्रकार सांगितलेत. 'द्यायला हवं' एवढ्याच भावनेनं, परतफेडीची अपेक्षा नसलेल्याला, योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य पात्राला दिलेलं दान सात्त्विक. बदल्यात काही मिळावं म्हणून किंवा कुरकुरत दिलेलं राजस. आणि नको तिथे, नको तेव्हा, अपात्राला किंवा घेणाऱ्याला तुच्छ लेखून दिलेलं तामस.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून मी रक्तदान करतोय. त्यामुळे हे श्लोक वाचताना डोळ्यांसमोर पैशांची थैली येत नाही, खाटेशेजारी हळूहळू भरत जाणारी रक्ताची पिशवी येते. परतफेडीचा तर प्रश्नच नाही, कारण रक्त कोणाला गेलं हे मला कधी कळणार नाही आणि कोणाचं आलं हे त्याला. पण 'पात्र' या शब्दापाशी मी दर वेळी अडखळतो.

ऑफिसमधल्या एका मित्राने हाच मुद्दा चहाच्या वेळी काढला होता. "मी नाही देत बाबा रक्त. दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्याला माझं रक्त चढवलं तर? दान सत्पात्री असावं असं तुमची गीताच सांगते ना?"

हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. कारण त्याने म्हटलं तसं खरंच होऊ शकतं. आपण दिलेल्या एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळ्या काढतात, म्हणजे एकाच रक्ताचे वाटे तीन अनोळखी माणसांकडे जाऊ शकतात. एखादं थॅलेसेमियाचं लेकरू असेल, ज्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. बाळंतपणात खूप रक्त गेलेली एखादी ताई असेल. केमोथेरपी चालू असलेले कोणाचे तरी आजोबा असतील. आणि हो, तो गाडीवालाही असेल. ठरवणारे आपण नाही. तिथे रक्तगट जुळतो का आणि गरज किती, एवढंच पाहिलं जातं.

मग पात्रता कोणी तपासायची?

रक्तपेढीत गेलात तर एक गंमत लक्षात येईल. तिथे पात्रता तपासतात, पण देणाऱ्याची! वय १८ पूर्ण आहे का, वजन किमान ४५ किलो आहे का, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आहे का. कावीळ झाली होती का, ताप येऊन गेला का, गोळ्या चालू आहेत का, टॅटू काढलाय का. काही प्रश्न तर इतके खासगी असतात की उत्तर देताना इकडेतिकडे बघावंसं वाटतं. देवळाच्या दानपेटीत नोट टाकताना आपल्याला कोणी काही विचारत नाही. इथे मात्र आधी स्वतःकडे बघावं लागतं.

पात्र म्हणजे भांडंसुद्धा. दूध कितीही चांगलं असलं तरी भांडं स्वच्छ नसेल तर ते नासतं. गेल्या वर्षी माझा अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच संपला होता, तेव्हा डॉक्टर मॅडमनी मला हसत परत पाठवलं. "आज नको, नंतर या." क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, ज्याला गरज आहे त्याच्यासाठी आज न देणं हेच माझं देणं आहे. 'मी देतोय' या भावनेला असा ब्रेक लागलेला बरा असतो.

ही तपासणी इतकी कडक का, याचं उत्तर आपल्या देशाच्या अलीकडच्या इतिहासात आहे. पूर्वी आपल्याकडे रक्त विकणारे व्यावसायिक दाते होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून ही पद्धत बंद झाली. कारण सरळ आहे. ज्याला संध्याकाळच्या जेवणासाठी पैसे हवेत, तो आपला आजार का सांगेल? आज प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी चाचणी होते. तरीही संसर्ग नुकताच झाला असेल तर चाचणीत तो सापडेलच असं नाही. त्या थोड्या दिवसांच्या फटीत घेणाऱ्याला वाचवतं ते फक्त देणाऱ्याचं खरं बोलणं. राजस दान अशुद्ध का, हे मला एरवी फक्त पुस्तकातून कळलं असतं. रक्ताच्या बाबतीत ते अगदी शब्दशः खरं आहे.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. गीतेतला 'पात्र' हा शब्द मी पुसत नाहीये. पण मला वाटतं, पात्रता ही दानाच्या वस्तूवरून ठरते. विद्येला पात्र तो, जो शिकायला तयार आहे. अन्नाला पात्र तो, जो भुकेला आहे. आणि रक्ताला पात्र तो, ज्याचं रक्त वाहून चाललंय. त्या गाडीवाल्याचा गुन्हा कोर्टात उभा राहीलच आणि राहायलाच हवा. पण ऑपरेशन टेबल म्हणजे कोर्ट नव्हे. शिवाय तामस दानाच्या व्याख्येत अपात्राबरोबर आणखी एक गोष्ट आहे, ती आपण सोयीने विसरतो: घेणाऱ्याचा अवमान. घेणाऱ्याला आधीच खालचा ठरवून दिलं, तर ते दान त्याच्यामुळे नाही, माझ्यामुळे तामस होतं.

मग आपल्या हातात उरतं काय? काळ! लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर फक्त ५ दिवस. जयंत्या, गणेशोत्सव, नेत्यांचे वाढदिवस आले की आपल्याकडे शिबिरांची रांग लागते. छानच आहे ते. पण मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, आणि रक्तपेढ्यांचे फ्रिज रिकामे व्हायला लागतात. लेकराचा थॅलेसेमिया काही सुट्टीवर जात नाही. म्हणून मी वर्षातलं एक रक्तदान मे महिन्यासाठी राखून ठेवतो. तिथे मांडव नसतो, फोटो नसतो, भेटवस्तू नसते. एक खाट, एक नर्स ताई आणि पंख्याचा आवाज. 'योग्य काळ' या शब्दाचा अर्थ मला तिथे सर्वात जास्त कळला.

आजचा अभ्यास एवढाच: मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये मे महिन्यातली एक तारीख टाकून ठेवा. पुरुषांनी दोन रक्तदानांत ३ महिन्यांचं आणि स्त्रियांनी ४ महिन्यांचं अंतर ठेवायचं असतं, त्या हिशोबाने आधीची तारीख ठरवा. आणि फॉर्म भरताना एकेका प्रश्नापाशी थांबून, देवासमोर बसल्यासारखं खरं उत्तर द्या. घेणारा कोण आहे, ते त्याला ठाऊक. आपण आपलं भांडं घासून ठेवू.

राम कृष्ण हरी.