आजचं चिंतन: आधी ज्ञान, मग मर्जी



गीता, अध्याय १८, श्लोक ६३. सगळा उपदेश झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. सक्ती नाही.

मग आपण काय खावं यात सरकारने का पडावं? उल्हासनगरचा दालपकवान असो की बदलापूरला लोकलमधून उतरल्यावरची गरम भजी, माझं पोट, माझी मर्जी!

पण क्रम बघा. अर्जुनाला आधी ज्ञान मिळालं, निवड नंतर आली. टर्म्स न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबणं म्हणजे निवड नव्हे, हे आपल्या आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात 'पोलर कंपाउंड्स' वाढतात. गाडीसमोर उभं राहून ती दिसत नाहीत. म्हणून एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून नियम केला: हे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही. हा नियम भजी बंद करत नाही. गिऱ्हाइकाला जे कळूच शकत नाही, तेवढंच अडवतो.

तेल टाकून देणं गाडीवाल्याला महाग पडतं. मग दोन रुपये जास्त द्यायची आपली तयारी हवी.

आणि तिसरी प्लेट? तिथे कुठलाच इन्स्पेक्टर येणार नाही. तिथे सहाव्या अध्यायातला युक्ताहार, म्हणजे बेताचं खाणं, आपणच पाळायचं.

जय हरी!