मोजण्यासाठी आलेले बारा प्राणी

1975 च्या अखेरीस चीनच्या हूपेइ प्रांतात, युनमंग जिल्ह्यातल्या श्वेहूदी येथे पाटाचे खोदकाम चालू असताना काही जुनी थडगी उघडी पडली. त्यांपैकी अकराव्या क्रमांकाच्या थडग्यात शी नावाचा एक अधिकारी पुरलेला होता. इसवी सनापूर्वी 217 च्या सुमारास तो वारला. छिन राजवटीत कायद्याचे कामकाज पाहण्यात त्याचे आयुष्य गेले होते, आणि त्याच्या शवाभोवती बांबूच्या अकराशेहून अधिक लिहिलेल्या पट्ट्या ठेवल्या होत्या. त्यांत कायदे आहेत, खटल्यांचे नमुने आहेत आणि कोणता दिवस कशाला चांगला, कशाला वाईट हे सांगणाऱ्या दिनपोथ्याही आहेत.

यांतल्या एका दिनपोथीचा एक भाग चोर ओळखण्याचा आहे. चोरी कोणत्या दिवशी झाली ते पाहायचे आणि त्या दिवसाच्या प्राण्यावरून चोराचे वर्णन काढायचे. उंदराच्या दिवशी चोरी झाली असेल, तर चोराचे तोंड टोकदार, दाढीमिशी विरळ, हात काळे आणि कानावर खूण. लपायची जागा भिंतीच्या आत, घाण आणि काडीकचऱ्याखाली. बैलाच्या दिवशीचा चोर मोठ्या नाकाचा, लांब मानेचा. त्याचा माग गोठ्यात, गवताखाली लागायचा. आज जिथे घोडा आहे तिथे या यादीत हरीण आहे, आणखीही काही जागा वेगळ्या आहेत. पण उंदीर, बैल, वाघ, ससा ही सुरुवात आजचीच आहे.

चिनी राशिचक्रातल्या प्राण्यांवरून स्वभाव सांगणारे लेखन आज जगभर वाचले जाते. उंदराच्या वर्षी जन्मलेला चतुर आणि काटकसरी, बैलाचा कष्टाळू पण हट्टी, वाघाचा धाडसी, सशाचा सौम्य, ड्रॅगनचा महत्त्वाकांक्षी, सापाचा शहाणा आणि अंतर्मुख, घोड्याचा स्वच्छंद, मेंढ्याचा हळवा, माकडाचा हजरजबाबी, कोंबड्याचा शिस्तीचा, कुत्र्याचा इमानी, डुकराचा सढळ हाताचा. हे सारे मुळापासून असेच असणार असे वाटते. प्रत्यक्षात प्राण्याचे लक्षण माणसाला लावण्याचा हा इतका जुना नमुना मिळतो तो चोराच्या वर्णनात. तिथे जन्मवर्षाचा संबंध नाही, कोणाच्या भविष्याचाही नाही. तिथून आजच्या स्वभाववर्णनापर्यंत ही कल्पना कशी पोहोचली, हे पाहण्यासारखे आहे.

प्राण्यांच्याही आधी होती ती नुसती मोजणी. शांग राजांच्या काळात, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, आन्यांगला बैलांची हाडे आणि कासवांची कवचे तापवून त्यांच्या तड्यांवरून कौल घेत. त्यांवर कोरलेल्या मजकुरात तारखा आहेत. दहा चिन्हांची एक माळ आणि बारा चिन्हांची दुसरी, दोन्ही बरोबरीने पुढे सरकत आणि साठ दिवसांनी पहिली जोडी पुन्हा येई. या बारा चिन्हांत कोणताही प्राणी नव्हता. पुढे हीच बारा चिन्हे दिशांना, दिवसाच्या प्रहरांना आणि हान काळात वर्षांनाही लागली. आकाशात त्यांना आधार होता तो गुरू ग्रहाचा. गुरूची एक प्रदक्षिणा जवळपास बारा वर्षांची, म्हणून त्याच्या मार्गाचे बारा भाग.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो, तो याच हिशेबाने बारा वर्षांनी. प्रभवापासून क्षयापर्यंतची साठ संवत्सरे आपल्याही पंचांगात आहेत आणि पूजेच्या संकल्पात आपण त्यांचे नाव घेतो. काळ एकसारखा वाहतो, त्याला खुणा नसतात. माणूस नावे देतो तेव्हा कुठे तो हाती लागतो. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही वाघ आणि ससा लक्षात राहतात. बारा कोरड्या चिन्हांना प्राण्यांची जोड मिळाली, यातले मला दिसणारे शहाणपण हेच.

या जोडीतून अर्थ काढायला लोकांनी सुरुवात केली, तसा आक्षेपही लगेच निघाला. पहिल्या शतकातला विचारवंत वांग छुंग याने आपल्या ‘लुनहंग’ या ग्रंथात बाराही प्राण्यांची नावे घेतली आहेत, पण ती तपासण्यासाठी. तेव्हाच्या विद्वानांनी प्रत्येक प्राणी पंचतत्त्वांपैकी एकाशी जोडला होता आणि एक तत्त्व दुसऱ्याला जिंकते असे ते मानत. वांग छुंग विचारतो, पाणी अग्नीला जिंकत असेल, उंदीर पाण्याचा आणि घोडा अग्नीचा असेल, तर उंदीर घोड्याला पळवून का लावत नाही? धातू लाकडाला जिंकतो, तर मग धातूचा कोंबडा लाकडाच्या सशाला टोचत का नाही? प्राणी एकमेकांवर मात करतात ती दात, नखे, बळ आणि धीटपणा यांच्या जोरावर, हे त्याचे उत्तर. शब्दांचे कोष्टक कितीही सुबक असले तरी ते गोठ्यात आणि रानात जाऊन पडताळायचे, ही त्याची शिस्त. आजही या विषयात तिच्याहून चांगली शिस्त मला माहीत नाही.

प्राणी माणसाच्या जन्माला चिकटला याचा मला सर्वांत हृद्य वाटणारा पुरावा एका आईच्या पत्रात आहे. सहाव्या शतकात उत्तर चीन दोन राज्यांत विभागला होता. उत्तर चौ राज्याची सूत्रे हाती असलेल्या यूवन हूची आई शत्रूच्या, म्हणजे उत्तर छीच्या, ताब्यात होती. मायलेकांची तीस वर्षांहून अधिक ताटातूट झालेली. 564 मध्ये तिच्या नावाने त्याला पत्र पाठवण्यात आले आणि ते चौच्या इतिहासात जपले गेले. पत्र खरे आहे हे मुलाला पटावे म्हणून त्यात घरच्या खुणा दिल्या आहेत. वूछ्वान ठाण्यावर मला तुम्ही मुले झालात, थोरला उंदराचा, मधला सशाचा आणि तू सापाचा, असे ती सांगते. इथे साप म्हणजे धूर्त नाही आणि ससा म्हणजे भित्रा नाही. आईने आपली मुले ओळखण्यासाठी धरलेल्या या खुणा आहेत. माझ्या मते या कल्पनेचे सर्वांत निर्मळ रूप हेच. पुढे त्याच वर्षी तिची सुटका होऊन ती मुलाकडे परतली.

या काळाच्या आसपास बारा प्राणी दूरवर फिरताना दिसतात. मध्य भारतातून गेलेला धर्मक्षेम हा भिक्षू पाचव्या शतकात वायव्य चीनमध्ये बौद्ध ग्रंथांचे भाषांतर करत होता. त्याने भाषांतरित केलेल्या एका सूत्रात जंबुद्वीपाभोवतीच्या समुद्रात, पर्वतांवरच्या गुहांत बारा प्राणी राहतात आणि आळीपाळीने बाहेर पडून आपापल्या जातीच्या जिवांना उपदेश करतात. तिथे वाघाच्या जागी सिंह आहे. व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजर आले. तिबेटात 1027 पासून साठ वर्षांची चक्रे मोजतात आणि त्यांतही हेच प्राणी येतात. मंगोलियातल्या ओर्खोन खोऱ्यातील शिलालेख कुल तिगिनचा मृत्यू मेंढ्याच्या वर्षी झाल्याचे नोंदवतो. ते वर्ष 731.

अकराव्या शतकात महमूद काशगरी याने बगदादमध्ये तुर्की भाषेचा मोठा कोश रचला. त्यात तो तुर्कांची समजूत नोंदवतो. बैलाचे वर्ष आले की लढाया वाढतात, कारण बैल शिंगे भिडवतात. कोंबडीच्या वर्षी धान्य मुबलक पण जिवाला घोर, कारण कोंबडीला दाण्यासाठी सतत उकरावे लागते. डुकराच्या वर्षी थंडी, बर्फ आणि अशांतता. ही लक्षणे वर्षाची आहेत. आपल्या गुढीपाडव्याला वाचले जाणारे संवत्सरफळ याच जातीचे. पाऊस किती, पीक कसे, राजा कोण, हे ते सांगते. त्यात आशा-भीती सगळ्या गावाची एक असते, कोणाही एकट्याच्या कपाळी काही येत नाही.

व्यक्तीचा प्राणी आणि सत्ता एकत्र आल्या की काय होते, ते सोंग राजवटीत दिसले. सम्राट ह्वेइत्सोंग 1082 चा, म्हणजे कुत्र्याच्या वर्षाचा. एका अधिकाऱ्याने सुचवल्यावरून राजधानीत कुत्री मारण्यावर बंदी आली. त्यावर राजविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बोलून दाखवले की आधीचे सम्राट शन्त्सोंग उंदराच्या वर्षीचे होते, पण त्यांच्या काळी मांजरे पाळायला मनाई झाल्याचे कोणी ऐकले नाही. शन्त्सोंग हे ह्वेइत्सोंगचे वडील, जन्म 1048. पुढे मिंग राजवटीत, 1519 मध्ये, डुकराच्या वर्षी जन्मलेल्या चंगद सम्राटाने डुकरे पाळण्यावर आणि कापण्यावर बंदी घातली.

सामान्य घरांत हा प्राणी शिरला तो लग्नाच्या वाटेने. चक्रात सहा घरे दूर असलेले प्राणी एकमेकांचे वैरी धरले गेले: उंदीर आणि घोडा, वाघ आणि माकड, ससा आणि कोंबडा. आपल्या पत्रिका जुळवण्यातही 36 गुणांपैकी 4 गुण योनीचे असतात. तिथे नक्षत्रांवरून चौदा प्राणी येतात आणि मांजर-उंदीर, साप-मुंगूस अशी वैरे मोजली जातात. हिशेब वेगळा असला तरी जाच एकच: ज्यांनी एकमेकांना पाहिलेही नाही त्यांच्यातले भांडण कागदावर आधीच लागलेले.

तरीही जुना चिनी ज्योतिषी केवळ वर्षावर थांबत नसे. तांग काळातल्या ली श्यूचोंगच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वर्ष, महिना आणि दिवस पाहते. सोंग काळात त्यात जन्मवेळेची भर पडली. वर्षाचा प्राणी हा त्या मोठ्या गणिताचा एक लहान भाग होता. तो एकटाच उरला आणि स्वभावाचे पूर्ण चित्र बनला, ही विसाव्या शतकाची घडामोड. 1930 मध्ये आर. एच. नेलर याने लंडनच्या ‘संडे एक्स्प्रेस’मध्ये राजकन्या मार्गारेटचे भविष्य लिहिले आणि वर्तमानपत्री राशिभविष्याचा साचा रुळला: वाचकाला आपली एक रास माहीत असली की पुरे. 1970 नंतर इंग्रजीत चिनी प्राण्यांवर खपाची पुस्तके निघाली, ती याच साच्यात. दोन गुण, एक उणीव, जुळणारे प्राणी, न जुळणारे प्राणी. वांग छुंगच्या शिस्तीने याची परीक्षा करायची तर शाळेचा कोणताही एक वर्ग पाहावा. त्यातली बहुतेक मुले एक-दोन प्राण्यांचीच असतात, आणि त्याच वर्गात बुजरी, भांडखोर, उदार, हिशेबी सगळी असतात.

एवढ्यावर विषय संपला असता, तर हे चक्र निरुपद्रवी करमणूक म्हणून सोडून देता आले असते. पण जपानकडे पाहावे. साठ वर्षांतून एकदा अग्नी आणि घोडा एकत्र येतात. त्या वर्षी जन्मलेली बाई तापट, नवऱ्याचा घास घेणारी, अशी तिथली समजूत. एदो शहरातली ओशिची ही भाजीविक्रेत्याची मुलगी प्रियकराच्या भेटीसाठी आग लावल्यावरून 1683 मध्ये देहदंडाला गेली. ती 1666 ची, अग्निघोड्याच्या वर्षाची, असे कथा-नाटकांनी मनावर ठसवले. 1906 मध्ये जन्मलेल्या मुलींची लग्ने या कारणाने अडली. मग 1966 उजाडले. बुलेट ट्रेन धावू लागली होती, टोकियोत ऑलिंपिक होऊन गेले होते. 1965 मध्ये जपानात 18.2 लाख मुले जन्मली. 1966 मध्ये 13.6 लाख, 1967 मध्ये 19.4 लाख. म्हणजे चौथा हिस्सा जन्म एका वर्षापुरते टळले. या समजुतीने मुलाला काही दोष येत नाही, तो येतो फक्त मुलीला. मूळ नक्षत्र आणि कडक मंगळ यांच्या नावाने मुलीकडच्यांनी काय सोसले हे माहीत असलेल्या समाजाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 1966 नंतरचे अग्निघोड्याचे वर्ष 2026.

दुसऱ्या टोकाला ड्रॅगन आहे. ड्रॅगनच्या वर्षी मूल व्हावे म्हणून चिनी समाजांत जन्म वाढतात, आणि ही प्राचीन परंपरा असावी असा आपला ग्रह होतो. लोकसंख्येचे अभ्यासक डॅनियल गुडकाइंड यांनी 1991 मध्ये दाखवले की अशी वाढ 1976 पासूनची आहे, त्याआधीच्या ड्रॅगन-वर्षांत ती आढळत नाही. श्रद्धा जुनी होती. संततिनियमनाची साधने हाती आल्यावर तिला हवे ते वर्ष निवडता येऊ लागले. 2017 मध्ये नाजी मोजान आणि हान यू या अर्थशास्त्रज्ञांनी चीनमधल्या ड्रॅगन-मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास मांडला. ही मुले परीक्षेत खरोखरच अधिक गुण मिळवतात, महाविद्यालयापर्यंत अधिक पोहोचतात. कारण शोधताना त्यांना दिसले की त्यांच्या आईवडिलांच्या अपेक्षा मोठ्या असतात, ते त्यांच्यावर वेळ आणि पैसा अधिक घालतात आणि घरकाम कमी सांगतात.

या साऱ्या प्रवासात कोणी एकाने बसून थाप रचली असे झाले नाही. दिवसाचे नाव वर्षाला गेले, वर्षाचे माणसाला, माणसाची खूण नशीब बनली आणि नशीब स्वभाव. प्रत्येक पाऊल मागच्यापेक्षा थोडेच पुढचे होते, म्हणून कोणाला थांबावेसे वाटले नाही. बारा प्राणी मोजणीसाठी उत्तम आहेत, आठवणीसाठी त्याहून उत्तम. यूवन हूच्या आईने ते तसे वापरले. दुसऱ्याचे मोल ठरवायला आपण त्यांचा उपयोग करतो तेव्हा मात्र प्राणी काहीच करत नाही, जे करतो ते आपणच. अग्निघोड्याच्या मुलीचे लग्न आकाशाने मोडले नाही, माणसांनी मोडले. ड्रॅगनच्या मुलाला चांगले गुण वर्षाने दिले नाहीत, त्याच्यासाठी मोकळा ठेवलेला वेळ आणि त्याच्यावर टाकलेला विश्वास यांनी दिले. हा वेळ आणि हा विश्वास मेंढ्याच्या वर्षी जन्मलेल्या मुलालाही देता येतो, अग्निघोड्याच्या वर्षी जन्मलेल्या मुलीलाही. त्यासाठी जन्मवर्ष पाहण्याची गरज नाही.