भीड आणि संपादन

१९२० साली औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली, तेव्हा तिचा हेतू अगदी व्यवहारी होता. कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना उभा राहून दहा वर्षे झाली होती. तिथे तयार होणारे लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रे यांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायची होती. शंकरराव किर्लोस्करांनी त्या माहितीपत्रकाचे मासिक केले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ काढले, आणि आजच्या सांगली जिल्ह्यातल्या एका माळरानावरून निघणारी ही तीन मासिके मराठी घराघरांत जाऊन पोचली.

साताऱ्या-सांगलीकडे कुणी नवे नियतकालिक काढायचे म्हटले की हा दाखला हटकून दिला जातो. दुसरा दाखला वाईचा. शंकरराव देवांनी १९४७ मध्ये सुरू केलेले ‘नवभारत’ पुढे वाईच्या प्राज्ञपाठशाळामंडळाने सांभाळले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि मे. पुं. रेगे यांच्यासारखे संपादक त्याला लाभले. दोन्ही दाखले अभिमानाचे आहेत, पण ते अर्धेच सांगितले जातात. किर्लोस्करवाडीच्या मासिकांमागे कारखाना होता, ‘नवभारत’मागे संस्था होती. ज्याच्यामागे यांतले काहीच नाही, अशा त्रैमासिकाचे काय?

त्याच्यापाशी दोन-तीन मित्र असतात, ओळखीचा डीटीपीवाला असतो, उधारीवर फॉर्म छापून देणारा प्रेसवाला असतो आणि थोडे वर्गणीदार असतात. दिवाळीला एखादी सहकारी बँक, एखादी पतसंस्था, जमलेच तर साखर कारखाना जाहिरात देतो. मानधनापुरते पैसे उरत नाहीत. तरीही लोक लिहितात आणि पाठवतात. त्यांना त्या बदल्यात हवी असते एकच गोष्ट: कुणीतरी आपले लिखाण नीट वाचावे आणि ते कसे वाटले हे सांगावे. छोट्या नियतकालिकाजवळ देण्यासारखे एवढेच आहे, आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी दिले जात नाही.

पूर्वी लेखक कागदाच्या एका बाजूला सुवाच्य अक्षरात लिहून, परतीची तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडून साहित्य पाठवत असे. ‘साभार परत’चा शेरा मनाला लागे, पण निकाल कळे. आता साहित्य व्हॉट्सअॅपवर येते. कुणी वहीच्या पानांचे फोटो पाठवतो, कुणी श्रीलिपीतली फाइल पाठवतो आणि ती उघडली की जोडाक्षरे फुटलेली दिसतात, कुणी एकदम अकरा कविता पाठवून ‘योग्य वाटेल ती घ्यावी’ असे कळवतो. निळ्या खुणा उमटतात, म्हणजे संपादकाने पाहिले हे लेखकाला कळते. पुढे महिनोन् महिने काही कळत नाही. वाट पाहून कंटाळलेला लेखक तीच कथा आणखी चार ठिकाणी पाठवतो, ती दोन दिवाळी अंकांत एकाच वेळी छापून येते, आणि मग संपादक लेखकाच्या नावाने व लेखक संपादकाच्या नावाने बोटे मोडतात.

याला लोक आळस म्हणतात किंवा वेळेची टंचाई म्हणतात. माझ्या मते मूळ कारण भीड हे आहे. मुंबईच्या संपादकाला लेखक क्वचित भेटतो. साताऱ्यात तो राजवाड्यावर संध्याकाळी भेटतो, सांगलीत लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो. तो आपल्या मुलाचा शिक्षक असतो, नाहीतर ज्या पतसंस्थेची जाहिरात घेतली तिच्या संचालकाचा मेहुणा असतो. ‘तुमची कविता कच्ची आहे’ असे त्याला तोंडावर सांगणे अवघड. मग संपादक दोन पळवाटा शोधतो: एक तर गप्प बसतो, नाहीतर छापून टाकतो. गप्प बसल्याने चांगले लेखक दुरावतात आणि छापून टाकल्याने वाचक. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि कितीतरी अंकांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरले आहे. आपल्याकडे ‘स्वतंत्र नियतकालिक’ म्हटले की सरकारी दडपण आणि बाजाराची सक्ती यांची चर्चा होते. जिल्ह्याच्या गावी स्वातंत्र्य गमावले जाते ते बहुधा चहाच्या टेबलावर, माणसाला दुखवू नये या चांगल्या भावनेपोटी.

याच मातीत उलट उदाहरणही आहे. कराडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘केसरी’चे संपादन सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. टिळकांशी त्यांची मैत्री कॉलेजातल्या दिवसांपासूनची होती. एवढ्या जवळच्या माणसाची भीड बाजूला ठेवून स्वतःचे पत्र काढणे म्हणजे काय, याची कल्पना लहान गावात अंक काढणाऱ्याला चांगली येईल.

भीड मोडायला प्रत्येक संपादकाने आगरकर व्हायची गरज नाही. नियम आधी जाहीर केले की निम्मे काम होते. साहित्य कोणत्या दोन महिन्यांत घेणार, किती कविता पाठवायच्या, फाइल युनिकोडमध्ये हवी, अन्यत्र पाठवले असेल तर तसे कळवावे, आणि उत्तर किती आठवड्यांत मिळेल, हे अंकात छापावे. संचालकांच्या मेहुण्यांनाही तोच नियम दाखवता येतो, आणि नकार देताना संपादक एकटा पडत नाही.

दुसरी गोष्ट, लेख मागवण्याआधी त्याचे टिपण मागवावे. कथा-कवितेला हे लागू नाही. त्या लिहून झाल्याशिवाय त्यांच्याविषयी काही बोलता येत नाही. पण लेख, रिपोर्ताज, मुलाखत, चित्रकाराच्या कामावरची पाने यांसाठी एका पानाचे टिपण पुरते. विषय काय, त्यासाठी तुम्ही कुणाला भेटलात, तुमच्यापाशी असे काय आहे जे दुसऱ्याकडे नाही, आणि कधीपर्यंत द्याल. आपल्याकडे ही रीत रुळलेली नाही. लेखक पंचवीस पाने लिहून पाठवतो, ती नाकारणे जिवावर येते आणि सुधारून घेणे त्याहून जड जाते. टिपणावर नकार दिला तर लेखकाची एक संध्याकाळ जाते, त्याचा उन्हाळा वाया जात नाही.

टिपणाचा खरा उपयोग मात्र होकार देताना होतो. समजा, तमिळनाडूत वाढलेल्या, विट्याच्या एका गलाई कुटुंबातल्या तरुणीचे टिपण आले. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पिढ्यान् पिढ्या देशभर पांगली आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. ती लिहिते, ‘गलाई व्यवसाय: काल, आज आणि उद्या’ या विषयावर लेख देईन. भिडस्त संपादक ‘जरूर पाठवा’ म्हणेल आणि त्याला एक शालेय निबंध मिळेल. जागरूक संपादक तिला विचारेल: तुझी शाळा तमिळमध्ये झाली की मराठीत? दुकानातला ॲसिडचा धूर घरात येत असे का? कस ठरवताना सराफ तुझ्या वडिलांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की स्वतः पुन्हा तपासायचा? यात्रेला गावी आलात की घरचे म्हणून वाढायला उभे राहता, की पाहुणे म्हणून पाटावर बसता? या चार प्रश्नांनंतर तिच्या हातून जे उतरेल ते दुसरे कुणी लिहू शकणार नाही. मानधन देऊ न शकणाऱ्या संपादकाने दिलेले हे मानधनच आहे.

यावर आक्षेप येईल की ही संपादकाची दादागिरी झाली. तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण मराठीत हा वाद प्रत्यक्ष घडून गेला आहे. ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करत, कथा पुन्हा लिहायला लावत. त्या मेहनतीतून मराठी नवकथा घडली. आणि त्याच ‘सत्यकथे’वर सांगली जिल्ह्यातल्या नांद्रे गावी जन्मलेल्या राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून हल्ला चढवला. १९६९ मध्ये अंकाची होळी झाली. काय चांगले हे ठरवणारे मोजकेच लोक, त्यांची अभिरुची विशिष्ट वर्गाची आणि दार आतून बंद, हा त्या पिढीचा राग होता. सायक्लोस्टाइल करून अनियतकालिके काढणाऱ्यांनी स्वतःचे दार उघडले.

मला दोन्ही बाजूंकडून घेण्यासारखे आहे असे वाटते. लेखकाबरोबर मजकुरावर बसणे हे भागवत-पटवर्धनांकडून घ्यावे. निवडीची कारणे उघड हवीत आणि निवडणाऱ्यांत वेगवेगळ्या घरांतली माणसे हवीत, हे ढाल्यांकडून. कारण न देता केलेली निवड सत्ता गाजवते. कारण दिले की लेखक उलट बोलू शकतो, आणि संपादकालाही कधी आपले मत बदलावे लागते. म्हणून ‘जागेअभावी घेता आले नाही’ हे वाक्य प्रत्येक संपादकाने वर्ज्य करावे. ते बहुधा खोटे असते आणि लेखकाला ते कळते. ‘शेवटची दोन कडवी आधीचेच पुन्हा सांगतात’ हे एक वाक्य लिहायला तेवढाच वेळ लागतो.

उत्तर देणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे न लिहिणाऱ्यांना शोधून लिहायला सांगणे. हॅरिएट मन्रो यांनी १९१२ मध्ये शिकागोहून ‘पोएट्री’ काढले. न्यूयॉर्क-बॉस्टनच्या मानाने शिकागो तेव्हा कारखान्यांचे आणि मांसबाजाराचे शहर समजले जाई. त्यांनी शहरातल्या शंभर जणांकडून वर्षाला ५० डॉलर याप्रमाणे पाच वर्षांचा शब्द घेतला, मग सार्वजनिक ग्रंथालयात बसून नव्या कवींचे लिखाण वाचले आणि त्यांना पत्रे लिहिली. टपालाची वाट पाहत त्या बसल्या नाहीत. १९१५ मध्ये त्याच मासिकात एलियटची ‘प्रूफ्रॉक’ छापली गेली. आपल्याकडे गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे भरवले, तेही याच जातीचे काम. औदुंबरला कृष्णाकाठी सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन दर संक्रांतीला भरते. तिथे व्यासपीठापेक्षा मागच्या रांगांत बसलेल्यांशी संपादकाने बोलावे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभा असणारा, माणदेशातून मेंढरे घेऊन निघणारा, ऊसतोडीच्या टोळीचा हिशेब ठेवणारा, यांच्यापैकी कुणी आपण होऊन टिपण पाठवणार नाही. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ लिहिली, पण त्यांच्या छापखान्याची वाट मुंबईची होती. ती वाट आता आटपाडीहून विट्याला, फार तर सांगलीला, जावी.

हे सगळे करायला वेळ कुठून आणायचा, असा प्रश्न उरतो. अंक कमी काढावेत. वर्षाला चार काढून गप्प राहण्यापेक्षा दोन काढून प्रत्येकाला उत्तर देणे चांगले. छोटी नियतकालिके बंद पडतातच. ‘सत्यकथा’सुद्धा १९८२ मध्ये थांबली. बंद पडल्यावर मागे राहतात ते त्या अंकाने घडवलेले लेखक, आणि लेखक घडतो तो छापून आलेल्या पानाइतकाच त्याला मिळालेल्या उत्तराने. उद्या साताऱ्यात किंवा सांगलीत जो कुणी नवा अंक काढेल त्याने पहिल्या पानावर शुभेच्छा-संदेश छापण्याऐवजी उत्तराची मुदत छापावी आणि ती पाळावी. त्या एका पानावरून तो अंक किती स्वतंत्र आहे हे कळेल.