शोक एकट्याने वाहू नये

सज्जनहो, ज्याच्या घरावर घाला पडला त्याला आपण सहज सांगतो, "झालं गेलं विसरा, देवाची इच्छा!" सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ऐकणाऱ्याला विसरता येत असते तर तो केव्हाच विसरला असता. म्हणून आज विचार करावयाचा तो असा, की मोठ्या आघाताने ज्याचे मन मोडले त्याने दुःख गिळावे, बोलावे, की गावे? आणि गावयाचे तर एकट्याने, की चारचौघांत?

येथे कोणी म्हणेल, "महाराज, शहाण्याने शोक करू नये असे गीताच सांगते. मग शोकाचे गाणे कशाला?" शंका रास्त आहे. परंतु गीता कोठून सुरू होते ते पाहावे. अर्जुनाचे अवयव गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, गांडीव हातातून निसटू लागले, मन भ्रमले. ही सारी लक्षणे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली आणि भगवंतांनी ती ऐकून घेतली. त्या सांगण्याला व्यासांनी विषादयोग हे नाव दिले आणि त्याचा अख्खा पहिला अध्याय केला. उपदेशाचा आरंभ दुसऱ्या अध्यायात आहे. आपण मात्र समोरच्याचा पहिला अध्याय न ऐकताच दुसरा सुरू करतो, तिथं चुकतं.

दुसरी शंका अशी, की कला म्हणजे करमणूक. दुःखिताला तिचा काय उपयोग? याचे उत्तर भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात दिले आहे. दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडलेल्यांना विसावा मिळावा, हे नाट्याचे एक प्रयोजन त्यांनी सांगितले. शिवाय ज्यांना वेदश्रवणाचा अधिकार नव्हता अशांसह सर्व वर्णांसाठी हा पाचवा वेद निर्माण झाला, असेही म्हटले. तेव्हा कला दुःखितासाठी आहे आणि ती सर्वांना खुली असावी, ही दोन्ही सूत्रे आपल्याकडे जुनीच आहेत.

पण सावधान! कला जखमेवर फुंकर घालते, तशी ती खपलीही काढते. भवभूतीच्या उत्तररामचरिताचा पहिला अंक पाहा. लक्ष्मण रामसीतेला त्यांच्याच चरित्राची चित्रे दाखवतो. शूर्पणखेचे चित्र येताच सीता घाबरते, जणू वियोग आत्ताच होणार. राम तिला समजावतो, की अगं, हे चित्र आहे. पण पुढे जनस्थानातील प्रसंग येतात तेव्हा त्याच रामाचे डोळे वाहू लागतात आणि शेवटी तो भावाला म्हणतो, पुरे कर, आता सोसवत नाही. सीता शेजारी जिवंत उभी असताना तिचा वियोग त्याला पुन्हा झाला! आजचे मनोविकारतज्ज्ञ ज्याला आघातोत्तर ताण म्हणतात, त्यात हेच घडते. गेलेली गोष्ट गेलेली राहत नाही. ती समोर उभी ठाकते आणि छाती धडधडू लागते.

त्याच नाटकाच्या तिसऱ्या अंकात तमसा सीतेला सांगते, की तळे तुडुंब भरले तर पाण्याला वाट काढून देणे हाच उपाय, आणि शोकाने क्षुब्ध झालेले हृदय विलापानेच तग धरते. दोन अंकांत विरोध दिसतो खरा, पण तो नाही. सांडवा काढायचा तो बेताने. बांधच फोडला तर तळेही जाते आणि खालचे शेतही.

हा बेत कसा राखावा, ते आपल्या आयाबायांना ठाऊक होते. पहाटे दोघी जात्यापाशी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात. एक मूठभर दाणे घाली, एक ओवी म्हणे, दुसरी ती उचलून धरी. सासुरवास, मेलेले मूल, नवऱ्याचा मार, आटलेले माहेर, सगळे त्या ओव्यांत आले. पण ओवी कोणाची आणि दुःख कोणाचे, हे कोणी विचारीत नसे. आपले दुःख सीतेच्या नावावर घालून म्हणता येई, आणि शेजारणीचे आपले म्हणून गाता येई. पीठ सरले की ओवी थांबे, म्हणजे शोकालाही वेळेची मर्यादा होती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्यांतल्या कितीजणींना अक्षरओळखही नव्हती! गिरण्या आल्या आणि बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. मात्र पहाटे दोघींनी समोरासमोर बसून मन हलके करण्याची जागा गेली, तिच्याऐवजी आपण काय दिले?

आपल्यापाशी अशी एक जागा अजून शाबूत आहे, ती भजनाची. टाळ धरायला परीक्षा लागत नाही. ज्याला आवाज नाही त्याने ठेका धरावा, ज्याला तेही जमत नाही त्याने नुसते रांगेत उभे राहावे. धृपद सगळ्यांचे असते. एकाचा कंठ दाटला तर दहाजण ते पुढे नेतात, आणि त्याला जमेल तेव्हा तो परत त्यात मिळतो. का थांबलास, असे कोणी विचारीत नाही. लांब सुरात श्वास सावकाश बाहेर पडतो, त्याने धडधड शमते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात भूकंप झाला. गणेशविसर्जन करून लोक निजले होते; दहा हजारांच्या आसपास माणसे दगडामातीखाली गेली. पुढे त्या बाजूच्या एका गावी भजनात मी एक गृहस्थ पाहिले. घरातले कोण गेले हे ते कोणाशी बोलत नसत. पण रोज संध्याकाळी पत्र्याच्या शेडपाशी येऊन टाळ घेत. गाताना तोंड मिटलेले, हात मात्र तालात. पुष्कळ दिवसांनी एकदा त्यांनी धृपद म्हटले. गावकऱ्यांनी त्यावर काही टिप्पणी केली नाही, दुसरे कडवे घेतले. मला वाटते, त्या गावकऱ्यांना भवभूती न वाचता कळला होता.

म्हणून आम्हा कीर्तनकारांना चार शब्द सांगावेसे वाटतात. दहाव्याच्या प्रवचनाला आपण उभे राहतो. समोर तरुण विधवा असते, लेकरू मांडीवर असते. अशा वेळी करुण आख्यान रंगवून मंडप रडवणे सोपे आहे, पण ती विद्या नव्हे. तिच्या तळ्याचा बांध फोडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि नवऱ्याने कर्जापायी जीव दिला असेल तर आत्मघाताच्या पापावर पाल्हाळ लावणे हे तर क्रौर्यच होय. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर घातले. कायद्याला जी करुणा सुचली ती व्यासपीठाला सुचू नये काय? तिथं दोन शब्द बोलावे, बाकी वेळ सर्वांकडून नाम म्हणवून घ्यावे.

आणखी एक. भजन हे औषधाच्या जागी नाही. झोप उडाली, अन्न जाईना, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर डॉक्टरांकडे न्यावे. पाय मोडला तर आपण वैद्य शोधतो. मन मोडल्यावर अंगारा-धुपाऱ्यावर का थांबावे? २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, ती मराठीतही मिळते. दिंडीप्रमुखांनी हा आकडा जवळ लिहून ठेवावा.

तात्पर्य, शोक गिळू नये, तसा उधळूही नये. तो सर्वांच्या सुरात मिसळावा, आणि ज्याचा आहे त्याच्या चालीने मिसळू द्यावा. आपल्या दिंडीत कोणी मुकाट चालत असेल तर त्याला प्रश्न विचारू नका. एक टाळजोडी त्याच्या हाती द्या आणि शेजारी उभे राहा.

॥ रामकृष्णहरि ॥