वासराचा हक्क

दिव्य कुरआनच्या सूरह अन्-नहलमध्ये (१६:६६) अल्लाहने शेण आणि रक्त यांच्यामधून निर्माण होणाऱ्या शुद्ध दुधाकडे आपले लक्ष वेधले आहे. ते दूध आपल्यासाठी हलाल आहे, यात शंका नाही. प्रश्न निराळा आहे. ज्याच्या जन्मामुळे ते दूध आले, त्या वासराला उपाशी ठेवून भरलेल्या चरवीबद्दल आपण अल्लाहपुढे काय उत्तर देणार?

आमच्या रावेर भागात गाय दुहेरी उपयोगाची मानली जात असे. दूध घराला, गोऱ्हा शेतीला. गोऱ्ह्याला पोटभर पाजण्यात मालकाचाही स्वार्थ होता. ट्रॅक्टर आला आणि तो स्वार्थ सरला. आता कालवडीची काळजी घेतली जाते. गोऱ्हा मात्र पान्हा सुटेपर्यंत सडाला लावून ओढून बांधला जातो. जेथे स्वार्थ संपतो, तेथेच ईशभयाची परीक्षा सुरू होते.

माझ्या लहानपणी आमची गाय व्याली. चिकाचा खरवस आळीभर वाटला गेला. गोऱ्हा आठव्या दिवशी हगवणीने मेला. ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून आम्ही गप्प बसलो. पुढे समजले की, वासराला रोगाशी लढण्याची शक्ती गर्भात मिळत नाही. ती चिकातून मिळते. ती शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता तासागणिक घटते आणि सुमारे २४ तासांत संपते. म्हणून पहिल्या दोन तासांतच चीक पाजावा आणि दिवसभरात वासराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतका तो पोटात जावा. नाळेला आयोडीन लावणे, कोरडी जागा देणे, वेळेवर जंताचे औषध पाजणे, ही कामेही आपलीच. तकदीरवर ईमान ठेवणे वेगळे आणि आपली हयगय तकदीरच्या माथी मारणे वेगळे.

हजरत जिरार बिन अजवर (रजि.) उंटिणीचे दूध काढत असता, सारे दूध न काढता पान्हा टिकेल इतके मागे ठेवावे, असे प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले. जनावरांच्या पिलांना चांगले खाऊ घालावे आणि धार काढणाऱ्यांनी नखे कापावीत, अशीही त्यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे.

कोणी म्हणेल, ‘गरिबाने दूध विकायचे नाही काय?’ जरूर विकावे. परंतु क्रम चुकवू नये. पिलाची गरज भागल्यावर उरेल तेच दूध मालकाने काढावे, असे इमाम नववी (रह.) यांच्यासारख्या धर्मशास्त्रज्ञांनी स्पष्ट केले आहे. खरवसही उरलेल्या चिकाचाच असावा. वासराला पाजणे हे आपले दान नव्हे. ते त्याचे देणे आहे. दूध वाढवण्यासाठी जनावराला इंजेक्शन टोचणे तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

वासरू तक्रार घेऊन कोणाच्या दारी जात नाही. म्हणूनच त्याचा हिशेब अधिक भय बाळगण्याजोगा आहे. अल्लाह आपणा सर्वांना मुक्या जिवांचे हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.