इंजिन नंबर, चेसी नंबर

गाडीच्या आरसी बुकात दोन नंबर असतात. एक चेसीचा, एक इंजिनचा. सरकारच्या लेखी गाडी म्हणजे या दोन नंबरांची जोडी. जोडीतलं एक बदललं तर गाडी तीच राहते का? पोळ्याला सजवलेल्या जोडीतला एक बैल मागच्या पोळ्याला दुसऱ्याच्या दावणीला असतो, तरी गावात जोडी आपल्याच नावानं ओळखली जाते. गाडीचं तसं चालतं का, यावर मी बरीच वर्षं विचार करत आलोय.

आमच्या थोरल्या दादांनी लिलावात एक पेट्रोलची महिंद्रा जीप घेतली होती. तलवाड्याहून गेवराईला बाळंतीण न्यायची तर हीच, त्वरितादेवीच्या दर्शनाला पाहुणे आणायचे तर हीच. दादा गेले आणि जीप लिंबाखाली उभी राहिली. पेट्रोल परवडत नव्हतं आणि इंजिन धूर ओकत होतं. १९९६ साली पुतण्यानं ठरवलं, डिझेल इंजिन बसवायचं. महिंद्राच्या पुढच्या जीपांमध्ये प्यूजोचं डिझेल इंजिन येत होतं. तसलं एक जुनं, पावतीसकट मिळालं.

सगळं काम अंगणातच झालं. तीन बल्ल्यांची तिकाटी उभी केली, तिला चेनपुली टांगली आणि जुनं इंजिन वर उचललं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एक काढायचं, दुसरं ठेवायचं. तसं नसतं. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जुळेना, म्हणून मधे जाड पत्र्याची प्लेट कापून भोकं पाडावी लागली. फाउंडेशनचे ब्रॅकेट तोडून पुन्हा वेल्डिंग केले. डिझेलचं धूड जड, म्हणून पुढच्या कमानीत एक पान वाढवलं. टाकीला परतीची नळी जोडली. पहिल्यांदा चालू झालं तेव्हा पुतण्यानं सवयीनं चावी बंद केली, तर इंजिन आपलं चालूच! डिझेलला स्टॉपची वायर ओढावी लागते. पोरं हसली.

वहिनी हसल्या नाहीत. जुनं इंजिन खाली पोत्यावर ठेवलं होतं, त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "भावजी, आता ही त्यांचीच जीप म्हणायची का?"

मिस्त्री म्हणाला, "वहिनी, जीप तीच हाय. नुसतं काळीज बदललंय."

"काळीज बदलल्यावर राहिलं काय मग?"

मिस्त्री गप्प झाला. मीही.

सप्ताहात आपण ऐकतो की आत्मा तोच राहतो, देह जुन्या कपड्यासारखा टाकला जातो. इथं उलटं झालेलं. कपडा तोच, आत बसलेला निराळा.

आमच्या गावचा एक पोरगा औरंगाबादला मिलिंद कॉलेजात शिकत होता. बाबासाहेबांनी १९५० साली काढलेलं कॉलेज, तो सगळा परिसर नागसेनवन. ही नावं कुठून आली ते त्यानंच मला सांगितलं. मिलिंद हा ग्रीक राजा, नागसेन हे भिक्खू. राजा रथातून आला होता. नागसेनांनी विचारलं, रथ म्हणजे आस का? चाकं का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणाला. मग रथ आहे कुठं? शेवटी राजाच म्हणाला, या सगळ्यांच्या मेळाला रथ म्हणायची रीत आहे. नागसेन म्हणाले, माणसाचंही तसंच. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. त्या रथाला आरसी बुक नव्हतं आणि तो कुणी विकायलाही काढला नव्हता.

शेतात बघा. मोसंबीचा खुंट जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा असतो, वर डोळा भरतात मोसंबीचा. जमीन धरतो खुंट, पण झाडाला जंबेरी कुणी म्हणत नाही. फळ ज्याचं, नाव त्याचं. विहिरीचं वेगळंच. आमच्या विहिरीवर आधी मोट होती, मग ऑइल इंजिन आलं, मग मोटार. पाणी तर दरसाल नवं. तरी ती आजोबांची विहीर, कारण खांदली त्यांनी. म्हणजे नाव कधी वरून ठरतं, कधी खालून.

सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे इथं दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून छोटी जीप केली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. ही नियमात बसत नाही, अधिकारी आज ना उद्या अडवतील, असंही ते म्हणाले आणि बदल्यात बोलेरो दिली. सगळे भाग दुसऱ्याचे, तरी जीप लोहारांचीच, हे गावाला ठाऊक. कागदाला ठाऊक नाही.

कागदाचंही चुकतं असं मी म्हणणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम याच कामाचं आहे. आम्ही केलं तेव्हा परवानगी घेऊन बदलाची नोंद करता येत होती, ती आम्ही केली. २००० च्या दुरुस्तीनं हे फार आवळलं. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळं करायचं नाही. ब्रेक एका वजनासाठी केलेले आणि इंजिन दुसऱ्या वजनाचं, अशी गाडी रस्त्यावर आली तर समोरून येणाऱ्याचा काय गुन्हा?

माझ्यापुरता मी असा उलगडा केलाय. 'तीच का' हा एक प्रश्न नाही. आरटीओ विचारतो तेव्हा तो चेसीचा असतो, मिस्त्रीचा इंजिनचा. वहिनींचा त्या स्टिअरिंगचा, ज्याचा रंग दादांच्या हातानं एका जागी उडालाय. तिन्ही उत्तरं खरी. एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर दिलं, की खोटेपणा सुरू होतो.

हे कळायला गिऱ्हाईक यावं लागलं. जुन्या जीपांचा नाद असलेला पुण्याचा एक माणूस आला. त्यानं वहिनींनाच विचारलं, "ओरिजनल आहे ना?" भाव चांगला देत होता. पुतण्या म्हणाला, "दादांचीच आहे, घरातच होती." शब्द न् शब्द खरा. वहिनींनी त्याला तिथंच थांबवलं. "इंजन दुसरं हाय. जुनं गोठ्यात पडलंय, बघून घ्या."

त्यानं बघितलं. म्हणाला, मी हे जुनं परत बसवतो, म्हणजे मूळची होईल. वहिनी म्हणाल्या, "गाडी आम्हाला लागते. इंजन तेवढं न्या."

त्याला तेही चाललं, त्याच्या दुसऱ्या एका जीपला लागणार होतं. चौघांनी धरून पिकअपमध्ये चढवलं. वहिनींनी पावतीवर इंजिनचा नंबर टाकायला लावला, वर किट्ट होतं ते पदरानं पुसून आकडा न् आकडा ताडून बघितला, आणि पावती आरसी बुकात ठेवली.