वस्त्र हवे, विणणारी नको?

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात माया लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या स्त्रिया हाताने विणलेला जो पोलका घालतात, त्यास ‘उइपील’ म्हणतात. मागाचे एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधायचे व दुसरे पट्ट्याने आपल्याच कमरेला. असे बसून विणताना एका उइपीलाला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. त्यावरील नक्षी पाहून ती स्त्री कोणत्या गावची, हे जाणकार सांगतात.

आज ही नक्षी परदेशी दुकानांत पर्सवर नि बुटांवर दिसते. पर्यटनाच्या जाहिरातींतही उइपील घातलेली हसरी स्त्री असते. यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. पर्यटकांमुळे पुष्कळ घरांत चूल पेटते, हे आपण नाकारू नये.

परंतु दुसरी बाजूही पाहू या. १९६० ते १९९६ पर्यंत त्या देशात यादवी युद्ध चालले. त्यात बळी पडलेल्यांत बहुसंख्य माया होते. ओळख पटू नये म्हणून कित्येक स्त्रियांनी हा वेष टाकून दिला. पुढे २००२ साली इर्मा आलिसिया वेलास्केस निमातुख या माया विदुषींना राजधानीतील एका उपाहारगृहात प्रवेश नाकारण्यात आला. कारण एवढेच, की त्यांच्या अंगावर हाच वेष होता. ज्या वेषाने देशाची जाहिरात सजते, तो घालणारीला मात्र दारातूनच परत! त्याविरुद्ध आवाज उठला आणि त्याच वर्षी भेदभाव हा गुन्हा ठरविणारा कायदा झाला.

नक्षीच्या मालकीचा प्रश्न मात्र राहिलाच. ती कोणा एकीची नसून साऱ्या गावाची ठेव आहे आणि कायदा बहुधा एकच कर्ता शोधतो. म्हणून २०१६ साली माया विणकर स्त्रिया संविधान न्यायालयात गेल्या. या सामूहिक हक्कासाठी कायदा करावा, असे न्यायालयाने २०१७ साली संसदेस सुचविले.

मग परक्यांची वस्तू विकत घेणे पाप आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. विकत घेताना मात्र आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. विणणारीला तिच्या श्रमाचे मोल मिळाले का? ही नक्षी कोणत्या गावची, हे विकणारा सांगतो का? आणि तीच स्त्री आपल्या दारी आली, तर आपण तिला आपल्या पंक्तीला बसवू का? शिक्षकांनी हे प्रश्न वर्गातील मुलांपुढेही जरूर मांडावेत. तिसऱ्याचे उत्तर देताना मुले आपल्या घराकडे पाहतील, हे ध्यानात असू द्यावे.